१.२० एकर की १.२० हेक्टर? इंदापूरची जमीन मोजणाऱ्या विंगेट साहेबाची गोष्ट

मोबाईलवर सातबारा उघडला की क्षेत्राच्या रकान्यात १.२०.५० असा काहीतरी आकडा दिसतो. आजोबांना विचारलं तर ते सांगतात, आपली जमीन तीन एकरला गुंठाभर कमी. दोन्ही बरोबर आहे. पण एकातून दुसरं काढताना भरपूर लोक चुकतात आणि जमिनीच्या व्यवहारात ही चूक महागात पडते. हिशोब शेवटी बघूच. त्याआधी एका माणसाची ओळख करून घेऊया, कारण त्याचं काम आपल्याच इंदापूर तालुक्यात सुरू झालं होतं.

कोण होता हा विंगेट?

जॉर्ज विंगेट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स दलातला तरुण अधिकारी. १८३५-३६ मध्ये तो हेन्री गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याबरोबर इंदापूर भागात आला. दोघांचंही वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे आज आपण पहिली-दुसरी नोकरी करतो तेवढं.

तेव्हा इथली अवस्था वाईट होती. १८३०च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात मोजणी करून शेतसारा ठरवला होता. पण मोजणीत चुका होत्या, हाताखालच्या लोकांनी पैसे खाऊन नोंदी फिरवल्या होत्या आणि सारा ठरवायचं गणित फारच किचकट होतं. सारा झेपेना म्हणून लोक जमिनी पडीक टाकून गाव सोडून चालले होते.

एक गोष्ट लक्षात घ्या. सारा म्हणजे क्षेत्र गुणिले दर. क्षेत्राचा आकडाच चुकीचा असेल, तर दर कितीही योग्य ठेवा, उत्तर चुकणारच.

साखळी, गुंठा आणि सोळा आणे

गोल्डस्मिड आणि विंगेटनं मोजणी नव्यानं हातात घेतली. एकर आणि गुंठा ही मापं त्यांनी शोधलेली नाहीत. पण प्रत्येक शेत वेगळं मोजायचं, त्याला सर्व्हे नंबर द्यायचा, हद्दीवर दगड रोवायचे आणि क्षेत्र एकर-गुंठ्यात लिहायचं, ही घडी त्यांनी बसवली.

मोजायला ३३ फुटांची साखळी होती, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. यात शेतकऱ्याचा फायदा असा की बांधावर उभं राहून त्यालाही साखळ्या मोजता येत होत्या.

जमिनीची प्रतसुद्धा आण्यात ठरायची. उत्तम माती सोळा आणे, हलकी असेल तसे आणे कमी. प्रतीप्रमाणे दर लावून तो ३० वर्षांसाठी कायम केला. या काळात शेतकऱ्यानं विहीर खोदून बागायत केली तरी सारा वाढणार नव्हता. १८३६ पासून इंदापुरात नवे दर आले आणि पडीक रानं पुन्हा वहितीला येऊ लागली.

पुढे काय झालं?

इंदापूरचा हा प्रयोग मग मुंबई इलाख्यात पसरला. विंगेटनं धारवाडकडच्या मुलखातही मोजणीचं काम पाहिलं. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून या पद्धतीचा संयुक्त अहवाल लिहिला.

सगळीकडे स्वागतच झालं असं नाही. १८५२ मध्ये खानदेशात एरंडोल, सावदा, फैजपूर भागात लोकांनी मोजणीला विरोध केला. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी त्यांना भीती होती. सरकारनं फौज पाठवून तो विरोध मोडला.

त्याच वर्षी विंगेटनं सरकारला सावध केलं होतं की नवे कायदे सावकाराच्या बाजूनं झुकलेत आणि शेतकरी कर्जात अडकत चाललाय. १८५९ मध्ये लंडनला त्यानं पुस्तक लिहून, हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या पैशावर टीका केली. ३० वर्षं संपल्यावर इंदापुरात फेरमोजणी होऊन सारा वाढला. सारा आणि कर्ज दोन्हीचा बोजा साचत गेला आणि १२ मे १८७५ रोजी शेजारच्या सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. १८७९ मध्ये विंगेट वारला.

आता आपला हिशोब

१९५६च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर आलं. बोलण्यात मात्र एकर-गुंठाच राहिला. निमगाव केतकीच्या पानमळ्याचं क्षेत्र आजही कुणी आरमध्ये सांगत नाही! म्हणून तीन चुका टाळा.

१. हेक्टर म्हणजे अडीच एकर नाही. १ हेक्टर = २.४७१ एकर, म्हणजे २ एकर १८.८४ गुंठे. अडीच धरलं तर दर हेक्टरी सुमारे १,२६१ चौरस फूट जादा धरले जातात. गुंठ्यापेक्षा जास्त!

२. गुंठा म्हणजे आर नाही. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एक-दोन गुंठ्यांत फरक जाणवत नाही, मोठ्या क्षेत्रात जाणवतो.

३. टिंब नीट वाचा. सर्वात मोठी चूक इथेच होते. १०० आरचा हेक्टर, म्हणून १.२० हेक्टर म्हणजे खरोखर १.२०. पण ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून बोलण्यातला १.२० एकर म्हणजे १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. कॅल्क्युलेटरमध्ये तिथे १.५ टाकायचं.

सुरुवातीचा आकडा करून बघा. १.२०.५० म्हणजे १.२०५० हेक्टर. गुणिले २.४७१०५ = २.९७७६ एकर. टिंबानंतरचा भाग, म्हणजे ०.९७७६, गुणिले ४० = ३९.१. उत्तर: २ एकर ३९.१ गुंठे. आजोबा बरोबर होते.

आता मोजणीला साखळीच्या जागी रोव्हर येतो आणि आकडा सॅटेलाइटवरून मिळतो. पण तो आकडा बरोबर वाचणं अजून आपल्याच हातात आहे. घरात वाटणी किंवा खरेदीखत ठरत असेल, तर सही करायच्या आधी हा हिशोब स्वतः एकदा करा आणि हा लेख फॅमिली ग्रुपवर नक्की टाका.