आईच्या आठवणी आणि मुलाचे प्रश्न : लक्ष्मीबाई टिळक

‘स्मृतिचित्रें’ हें नांव ठाऊक नसलेलें सुशिक्षित मराठी घर विरळाच. परंतु ज्या बाईंनीं हें पुस्तक लिहिलें त्यांचें शिक्षण शाळेंत न होता पतीच्या हाताखालीं घरींच झालें होतें, आणि आत्मचरित्र लिहावें असा त्यांचा संकल्पही नव्हता, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच माहीत असेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालीं नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं गोखल्यांच्या घरीं झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. 1857 च्या धामधुमीच्या काळांत त्यांच्या आईचे वडील फांसावर गेले. त्या धक्क्यानें त्यांच्या वडिलांस सोंवळ्याचें असें वेड लागलें कीं, बाजारांतून आणलेलें मीठदेखील धुतल्यावांचून त्यांस चालेना. मीठ धुतल्यावर उरतें किती, हें आमच्या वाचक मातांनींच सांगावें! अशा घरांतून बालवयांतच त्या नारायण वामन टिळकांच्या घरीं आल्या. टिळक कवि, विद्वान आणि मनाचे उदार. पण स्थैर्य असें नव्हतेंच. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं.

10 फेब्रुवारी 1895 रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई त्या वेळीं त्यांच्याजवळ नव्हत्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या कांहीं वर्षें पंढरपुरास बहिणीच्या आश्रयास राहिल्या. पुढें त्या अहमदनगरास पतीकडे आल्या. पण आपले आचार त्यांनीं एकदम टाकले नाहींत. विचार करकरून एकेक गांठ स्वतः सोडविली आणि 1900 सालीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुष्काळांतील अनाथ मुलींना त्यांच्या घरीं आसरा मिळाला. 9 मे 1919 रोजीं टिळक मुंबईस वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें.

टिळकांचें चरित्र लिहावें असें त्यांचे चिरंजीव देवदत्त यांच्या मनांत होतें. त्यासाठीं त्यांनीं आईस तिच्या आठवणी मागितल्या. हाच तो दत्तू. मुलगा वडिलांविषयीं विचारीत होता. आई सांगूं लागली तों सासर, माहेर, शेजार, भांडणें आणि हंसें सारें बाहेर पडलें, आणि त्यांत आई स्वतःच उभी राहिली. टिळकांचें इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनीं 1923 सालींच प्रसिद्ध केलें होतें. त्यांत कवि आणि भक्त भेटतो. हातांत पैसा न टिकणारा, रागावून जाणारा आणि पुन्हा परत येणारा नवरा भेटावयाचा तर लक्ष्मीबाईंकडेच जावें लागतें.

वडीलधाऱ्यांच्या आठवणींवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास येथें पुष्कळ घेण्यासारखें आहे. आपल्या धारूरकडे 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारीं माणसें अजून घरोघरीं आहेत. आजीनें सांगितलेलें एका वहींत लिहावें. तेव्हांचें कागदपत्र, वर्तमानपत्र किंवा कोणाचें छापील आत्मवृत्त मिळेल तें दुसऱ्या वहींत. मग दोन्ही समोर ठेवावींत. तारीख कागदाकडून घ्यावी. खडी फोडतांना हाताला आलेला फोड कागद सांगणार नाहीं, तो आजीकडून घ्यावा. दोहोंचें जमत नसेल तर आपल्या मनानें एक तिसरी गोष्ट रचूं नये. आजी असें म्हणते व कागद असें म्हणतो, एवढें सरळ लिहावें. आणखी एक गोष्ट. विचारणारा घरचाच असेल तर तोही त्या हकीकतींत गुंतलेला असतो. पंढरपुरास वडिलांवांचून वाढलेला दत्तूच पुढें आईला वडिलांविषयीं विचारीत होता, हें वाचकानें विसरूं नये.

‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग 1934 सालीं निघाला. चौथा भाग पुरा होण्यापूर्वींच, 24 फेब्रुवारी 1936 रोजीं, लक्ष्मीबाई वारल्या. राहिलेला मजकूर देवदत्तांनीं लिहिला. म्हणून चौथ्या भागांतील एखादा प्रसंग निबंधांत घेतांना तो आईच्या हातचा कीं मुलाच्या, हें पाहून तसें नांव घालावें.