बंद दार आणि शिकलेली भाषा

आजचे वाचन : स्तोत्र ११८:२२



आजच्या वाचनात बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला एक दगड आहे आणि तोच पुढे कोनशिला होतो. खरं सांगू? गेल्या महिन्यात हे वचन वाचून मला रागच आला होता.

मी कामानिमित्त जव्हारला राहतो. एका नोकरीसाठी दोन वर्षं तयारी केली, त्यासाठी इथल्या पाड्यांवर फिरून वारली बोली शिकलो आणि शेवटी नकार आला. प्रार्थनेला बसलो की शब्दच सुचेनात. मग एका शनिवारी पहाटेच्या एसटीने मनोरला उतरलो आणि तिथून हायवेने वसई गाठली. किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या जुन्या चर्चपाशी दिवसभर गप्प बसायचं ठरवलं. माझी एका दिवसाची रिट्रीटच म्हणा ना!

याच किल्ल्यात संत गोन्सालो गार्सिया लहानाचे मोठे झाले. जन्म १५५७ च्या सुमारास, आई इथलीच. येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि जेमतेम पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे जपानी भाषा शिकून अनेक वर्षं त्यांनी लोकांना धर्मशिक्षण दिलं. आपणही येशूसंघात यावं ही त्यांची मोठी इच्छा होती, पण त्यांना प्रवेश मिळाला नाही. खचलेले गोन्सालो व्यापारात शिरले. धंदा चांगला चालला, तरी मन रमेना. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारलं.

१५९३ साली फ्रान्सिस्कनांना जपानला जायचं होतं, तेव्हा दुभाषी हवा होता. बंद दारापाशी घालवलेल्या वर्षांत शिकलेली तीच जपानी भाषा आता कामी आली. ब्रदर गोन्सालो जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर आपल्या बांधवांचे शब्द घेऊन उभे राहिले. पुढे त्याच हिदेयोशीच्या हुकुमाने त्यांना पकडलं, भर थंडीत क्योटोहून नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारलं. ८ जून १८६२ रोजी चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

आणि त्यांचं हे चर्च? १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. छपरं कोसळली, भिंतींवर झाडं उगवली. पण संतांच्या सणाला याच पडक्या वास्तूत भाविक जमतात, मिस्सा होते. ज्याला एकदा ‘नाही’ ऐकावं लागलं, त्याच्या नावाने इथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली.

संध्याकाळी परतताना मला कुठलाही चमत्कार दिसला नाही. नकाराचा मेल अजून फोनमध्ये तसाच आहे. पण सोमवारी पाड्यावरच्या एका आजीशी तिच्याच बोलीत बोललो, तेव्हा ती खुदकन हसली आणि जवळ बस म्हणाली. ती दोन वर्षं फुकट गेली, असं आता मी म्हणत नाही.

तुमच्याही आयुष्यात असं एखादं बंद दार असेल. आज पाच मिनिटं शांत बसा आणि त्या दारापाशी काय काय शिकलात ते आठवा.

प्रार्थना : हे प्रभू, आम्हाला नको झालेली वर्षं तुझ्या हाती देतो. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. आमेन.