राणीचा लाडका कुत्रा रंगवणाऱ्या चित्रकाराला घरच्यांनीच वेडा ठरवलं होतं

लंडनला गेलेला माणूस ट्रफाल्गर चौकात फोटो काढल्याशिवाय परत येत नाही. नेल्सनच्या उंच खांबाखाली ब्राँझचे चार मोठे सिंह बसलेत, त्यांच्यासमोर उभं राहून पोझ द्यायची हे ठरलेलं. पण हे सिंह घडवणारा माणूस काही नावाजलेला शिल्पकार नव्हता. तो होता चित्रकार, आणि तोही कुत्र्यांच्या चित्रांसाठी गाजलेला.

त्याचं नाव सर एडविन लँडसीअर.

७ मार्च १८०२ ला त्याचा लंडनमध्ये जन्म झाला. वडील जॉन लँडसीअर धातूच्या पत्र्यावर चित्रं कोरून त्याचे छाप काढायचं काम करायचे. पोराच्या हाताला चांगलं वळण आहे हे त्यांनी लवकर ओळखलं. शाळेचं फारसं मनावर घेतलं नाही, उलट त्याला लंडनबाहेरच्या शेतांवर न्यायचे आणि समोर चरणाऱ्या गाई-मेंढ्या काढायला बसवायचे. त्याने पाचव्या वर्षी काढलेली चित्रंसुद्धा घरच्यांनी जपून ठेवली होती.

तेराव्या वर्षी, म्हणजे १८१५ ला, रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. विषय काय, तर एक खेचर आणि एक शिकारी कुत्री तिच्या पिल्लासोबत. पुढच्या वर्षी तो अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला. तिथले मोठे चित्रकार फ्यूजली त्याला लाडाने कुत्रेवाला पोरगाच म्हणायचे.

हेडन नावाच्या चित्रकाराने त्याला अजून एक नाद लावला. प्राणी काढायचा असेल तर आधी तो आतून कसा आहे ते बघ. मग पोरगं मेलेल्या प्राण्यांची चिरफाड करून हाडं आणि स्नायू शिकायला लागलं. त्याच्या चित्रातलं कुत्रं आत्ता उठून अंगावर येईल असं वाटतं, त्यामागे ही मेहनत आहे.

१८२४ ला तो पहिल्यांदा स्कॉटलंडला गेला. तिथे प्रसिद्ध लेखक सर वॉल्टर स्कॉट यांच्या घरी राहिला, त्यांची कुत्री रंगवली आणि तिथल्या डोंगरांच्या प्रेमातच पडला. त्यानंतर तिकडे जाणं सुरूच राहिलं. मेंढपाळ, त्यांची दगडी घरं, शिकारी, हरणं हे सगळं त्याच्या चित्रात आलं. आणि हो, गडी स्वतःही शिकारीचा शौकीन होता. ज्या हरणाचं चित्र बघून लोक हळहळायचे, तसलंच हरीण त्याने सकाळी बंदुकीने टिपलेलं असू शकायचं. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आता त्याच्या खऱ्या ताकदीचं चित्र सांगतो. १८३७ चं.

एका गरीब मेंढपाळाची अंधारी खोली. मधोमध शवपेटी. जवळ बायबल आणि मिटून ठेवलेला चष्मा. माणूस एकही नाही. फक्त त्याचा कुत्रा, पेटीला अंग टेकून, हनुवटी तिच्यावर ठेवून बसलाय. बस्स, एवढंच. म्हातारा एकटा राहायचा, त्याचं दुःख करायला दुसरं कुणी नाही, हे न सांगता कळतं. लँडसीअरने राजवाड्यासाठी पुढे कितीतरी झगमगीत चित्रं काढली, पण या छोट्या खोलीची सर त्यातल्या एकालाही नाही.

तर, राजवाडा. व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधीच १८३६ ला तिच्या आईने लँडसीअरकडून तिच्या लाडक्या डॅश नावाच्या कुत्र्याचं चित्र काढून घेतलं होतं. हा डॅश म्हणजे काय चीज होती? राज्याभिषेकाचा सोहळा उरकून आल्यावर राणीने त्याला स्वतः आंघोळ घातली होती म्हणे. पुढे लँडसीअरने राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्टची ग्रेहाउंड कुत्री ईऑस रंगवली, दोघांना एचिंगचे धडे दिले. १८५० ला त्याला सर ही पदवी मिळाली.

पण त्याचं नाव घराघरात गेलं ते छापील चित्रांमुळे. थोरला भाऊ थॉमस ही चित्रं कोरायचा आणि त्याचे छाप विकले जायचे. मूळ चित्र विकत घेणं ज्याच्या आवाक्यात नव्हतं, तोसुद्धा त्याचा छाप भिंतीवर लावायचा. पांढऱ्या-काळ्या न्यूफाउंडलंड कुत्र्याचं त्याने काढलेलं चित्र एवढं गाजलं की त्या रंगाच्या कुत्र्यांना आजही लँडसीअर म्हणतात.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना १८४० ला, अडतिसाव्या वर्षी, तो मनाने कोसळला. त्यानंतर नैराश्य, भलतेसलते भास आणि दारू यांनी त्याची पाठ सोडली नाही. तरी हात थांबला नाही हे विशेष. १८५१ ला त्याने बारा टोकांच्या शिंगांचा नर हरीण रंगवला, द मोनार्क ऑफ द ग्लेन. चित्र संसदेच्या भोजनगृहासाठी होतं, पण खासदारांनी दीडशे गिनी मंजूर करायला नकार दिला. पुढे तेच हरीण साबणाच्या आणि व्हिस्कीच्या जाहिरातींत झळकलं. २०१७ ला स्कॉटलंडच्या नॅशनल गॅलरीज संस्थेने ते विकत घेतलं, ४० लाख पौंडांना!

१८५८ ला ट्रफाल्गरच्या सिंहांचं काम आलं. शिल्पाचा अनुभव नसल्यातच जमा. प्राणिसंग्रहालयातून मेलेला सिंह आणवला आणि तो सडेपर्यंत त्याच्यासमोर बसून काम केलं, असं सांगतात. तब्येत बिघडायची, काम रखडायचं, लोक टिंगल करायचे. अखेर मारोचेत्ती या शिल्पकाराच्या कारखान्यात सिंह ओतले गेले आणि १८६७ ला बसवले.

याच काळात, १८६४ ला, त्याने एक भयाण चित्र काढलं. ध्रुवाकडे जाऊन बेपत्ता झालेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेचे अवशेष, आणि ते फाडणारी दोन पांढरी अस्वलं. हे चित्र आज लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात आहे. त्याच्यासमोर बसून पेपर लिहिणारा नापास होतो, अशी पोरांची समजूत. म्हणून परीक्षेच्या दिवसांत त्याच्यावर ब्रिटनचा झेंडा टाकून झाकतात.

१८६६ च्या सुमारास रॉयल अकॅडमीचं अध्यक्षपद चालून आलं होतं, त्याने नाही म्हटलं. जुलै १८७२ मध्ये घरच्यांच्या मागणीवरून त्याला अधिकृतपणे वेडा ठरवण्यात आलं. १ ऑक्टोबर १८७३ ला तो गेला. दुकानांनी पडदे ओढून घेतले, अंत्ययात्रा बघायला रस्त्यावर गर्दी उसळली आणि त्याच्याच चार सिंहांना पुष्पचक्रं घातली गेली.

त्याला सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये पुरलं. तिथल्या त्याच्या स्मारकावर कोरलाय तो मेंढपाळाच्या पेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा.