तोफा हुडकता हुडकता तेल शोधणारा जॉन कार्चर

पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कुठं दडलीय, हे आवाजावरून हुडकायच्या कामावर अमेरिकेचा जॉन क्लॅरेन्स कार्चर होता. त्याच्या डोक्यात आलं, हाच आवाज जमिनीत सोडला तर? १९२१ च्या ऑगस्टमध्ये ओक्लाहोमात त्याच्या टीमनं सुरुंग उडवले आणि खालच्या खडकांवर आपटून परतलेल्या लाटा टिपल्या. यंत्र चाललं, पण तेलाचे भाव कोसळले आणि कंपनी बसली. गड्यानं नोकरी धरली. १९३० मध्ये यूजीन मॅकडरमॉटसोबत नवी कंपनी काढली, तिचीच पुढं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स झाली. हो, तीच कॅल्क्युलेटरवाली! १९७८ मध्ये कार्चर गेला. खडकात गॅस असला की लाटेचा जोर, त्यातही जलद कंपनं, जास्त जिरतात. आता ही घट मोजूनही गॅसचा अंदाज बांधतात.