मेहेरबाई टाटा : एका दुःखाचा सार्वजनिक वारसा

रक्ताच्या कर्करोगाच्या एका रेंगाळणाऱ्या प्रकारावर रोज गोळी घेऊन आज यवतमाळातील शिक्षक शाळेत आणि कारकून कचेरीत जाऊ शकतो. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे, की याच कुळातील रोगापुढे एके काळी देशातील एका अतिश्रीमंत घराण्याला हात टेकावे लागले होते, याचा सहज विसर पडावा. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील रुथिन येथील एका शुश्रूषागृहात लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने निवर्तल्या. त्यांचे वय त्या वेळी अवघे एक्कावन्न वर्षांचे होते. संपत्तीला तोटा नव्हता, यूरोपातील वैद्यकाचे दरवाजे उघडे होते. नव्हते ते औषध, आणि औषधाच्या मागे उभे असावे लागते ते ज्ञान. पैशाने ज्ञान तत्काळ विकत घेता येत नाही, पण ते निर्माण होण्याची सोय मात्र करता येते, हे त्यांच्या पतीने ओळखले. मेहेरबाईंच्या चरित्राचा उत्तरार्ध त्यांच्या मृत्यूनंतर सुरू होतो तो यामुळेच.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ चा. त्यांचे वडील होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. घरात विद्येचे वातावरण, आणि मुलीने शिकावे याबद्दल दुमत नाही, असा तो काळाच्या पुढे असलेला संसार होता. बंगलोरला त्यांचे शिक्षण झाले. पियानोवर त्यांची बोटे सफाईने फिरत आणि घोड्यावरची त्यांची मांड पक्की होती. म्हैसूरला गेलेल्या जमशेटजी टाटांना भाभांचे घर आवडले आणि त्यांच्या थोरल्या मुलाचा, दोराबजींचा, विवाह १४ फेब्रुवारी १८९८ रोजी मेहेरबाईंशी झाला. वर अडतीस वर्षांचा, वधू अठराची. या दांपत्याला अपत्य झाले नाही. परस्परांवरील त्यांची निष्ठा मात्र अखेरपर्यंत अभंग राहिली.

ज्या घरात मेहेरबाई सून म्हणून आल्या, त्या घराच्या वैभवाचा एक धागा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून आलेला होता. गिरणी मुंबईतच काढावी असा प्रघात असताना जमशेटजींनी नागपूर निवडले आणि १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो त्याच्या जवळ गिरणी असावी, हा त्यामागील साधा हिशेब होता. यवतमाळचा शेतकरी त्या वेळी ज्या पिकावर जगत होता, त्याच पिकावर आजही जगतो. म्हणून या घराण्याच्या दानाची कथा यवतमाळला सर्वस्वी परकी नाही.

मैदान आणि व्यासपीठ

श्रीमंताघरची सून म्हणून मेहेरबाई दिवाणखान्यात बसून राहिल्या नाहीत. पारशी पद्धतीची साडी नेसून त्या टेनिस खेळत आणि त्यांनी जिंकलेल्या चषकांची संख्या साठच्या घरात होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मिश्र दुहेरीत महंमद स्लीम यांच्या जोडीला त्यांचे नाव होते. मुलींनी अंगणातसुद्धा मोठ्याने हसू नये, असे मानणाऱ्या काळात या गोष्टीला खेळापलीकडचा अर्थ होता.

पडदापद्धती, अस्पृश्यता आणि स्त्रियांचे अज्ञान या तिन्हींविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९२७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे व्याख्यान देताना त्यांनी बालविवाहाला आळा घालू पाहणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली. पुढे १९२९ मध्ये शारदा कायदा झाला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. आज हे वय लहान वाटते. पण त्या काळी एवढी मजल मारण्यासाठीही देशभर वाद झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मेहेरबाईंचे नाव निघाले, की ज्युबिली हिऱ्याचा उल्लेख होतोच. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत १८९५ मध्ये सापडलेला आणि पैलू पाडल्यावर २४५ कॅरटांहून अधिक भरलेला हा हिरा कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता. दोराबजींनी तो पत्नीसाठी घेतला. १९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर अरिष्ट कोसळले. कामगारांचा पगार देण्यापुरतेही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि त्या तारणात हा हिराही गेला. कारखाना वाचला, कर्ज फिटले आणि हिरा परत आला. पण त्याचे खरे काम अजून व्हावयाचे होते.

आजार आणि दान

१९३१ मध्ये ल्युकेमियाचे निदान म्हणजे जवळजवळ निकालच होता. या रोगात अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते आणि निरोगी रक्ताला जागाच उरत नाही, एवढे सूक्ष्मदर्शकाने दाखविले होते. ही वाढ का होते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. सोमलाचा अर्क आणि क्ष-किरण ही वैद्यांच्या भात्यातील मुख्य अस्त्रे होती. त्यांनी गाठी व प्लीहा काही काळ ओसरत, रोग मात्र परतून येई. अशा अवस्थेत मेहेरबाईंचा अंत झाला आणि इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या स्मशानभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

दोराबजी त्यानंतर वर्षभरही जगले नाहीत. पण त्या उण्यापुऱ्या वर्षात त्यांनी जे केले, ते अनेकांना आयुष्यभरात साधत नाही. १९३२ च्या मार्चमध्ये आपली सारी संपत्ती त्यांनी सार्वजनिक न्यासाच्या हवाली केली. एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा ल्युकेमियाच्या संशोधनासाठी आणि तोही कोणत्याही देशातील संशोधकासाठी राखून ठेवण्यात आला. उरलेला हिस्सा भारतातील रोगपीडितांचे दुःख कमी करणाऱ्या संशोधनासाठी होता. पारतंत्र्यातील देशाचा एक नागरिक परदेशांतील शास्त्रज्ञांना वेतन देत होता! रोगाला सरहद्द नसते, तशी विद्येलाही नसावी, हा विचार त्यामागे होता. यानंतर दोराबजी पत्नीच्या समाधीकडे जाण्यासाठी निघाले आणि वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रुकवुडला पत्नीशेजारीच त्यांना ठेवण्यात आले.

ज्युबिली हिरा पुढे विकला गेला आणि त्याची किंमत दोराबजींच्या न्यासात जमा झाली. याच न्यासाच्या पैशातून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया त्यांनी घातला. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या, त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि १९६४ मध्ये ल्युकेमियावरील कार्यासाठी त्यांना वाटुमल पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले. त्या खात्याचे सूत्रधार डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या मृत्यूतून जन्मलेली संस्था भाच्याच्या खात्याच्या छायेत वाढावी, हा योगायोग विलक्षण खरा.

औषधांची वाट

मेहेरबाईंच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९४२ मध्ये, अमेरिकेत येल येथे लिम्फोमाच्या एका रुग्णावर प्रथमच रासायनिक औषधाचा प्रयोग झाला. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. ते औषध युद्धातील विषारी वायूच्या कुळातले होते. १९४८ मध्ये बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांच्या ल्युकेमियावर फॉलिक ॲसिडला विरोध करणारे औषध वापरले आणि प्रथमच रोग तात्पुरता का होईना, मागे हटला. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही लिम्फोमाच्या उपचारांत आहे. १९६० च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि हॉजकिन लिम्फोमाचे बहुतेक रुग्ण आज पूर्ण बरे होऊ शकतात, ती या पद्धतीचीच फलश्रुती होय. टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले.

रेंगाळणाऱ्या, म्हणजे क्रॉनिक, ल्युकेमियाचे कोडे वेगळ्याच वाटेने सुटले. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील दोन संशोधकांना रुग्णांच्या पेशींत एक तोकडे गुणसूत्र दिसले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलल्याने ते तसे होते, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. या अदलाबदलीतून एक बिघडलेले प्रथिन तयार होते आणि ते पेशींना वाढतच राहण्याची आज्ञा देते. नेमके ते प्रथिन रोखणारी इमॅटिनिब नावाची गोळी २००१ मध्ये मान्य झाली. ज्या मायलॉइड प्रकारात पूर्वी काही वर्षांत मृत्यू अटळ मानला जाई, त्यात नियमित गोळी घेणारे बहुसंख्य रुग्ण जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगू लागले. लिम्फॉइड प्रकारात तर कित्येक रुग्णांना आरंभी औषधाची गरजच नसते. लक्ष ठेवणे हाच उपचार ठरतो. गरज पडली तर इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स यांसारख्या गोळ्या आता आहेत. बी-पेशींच्या लिम्फोमावर १९९७ पासून रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड वापरले जाते.

गोळी निघाली तरी ती परवडावी लागते. इमॅटिनिबच्या मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखावर जात होता, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत मिळे. मूळ कंपनी नोव्हार्टिसने औषधाच्या सुधारित रूपासाठी मागितलेला एकाधिकार सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखण्यास शिकवून त्या परत देण्याची ही पद्धत, इतर उपाय थकलेल्या बी-पेशींच्या लिम्फोमा व ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी आहे. परदेशातील अशा उपचाराच्या मानाने त्याची किंमत सुमारे एक दशांश आहे. तरीही ती लाखांत मोजावी लागते.

यवतमाळपासून परळपर्यंत

१९३१ मध्ये पैसा होता आणि ज्ञान नव्हते. आज ज्ञान आहे, पण ते झरी-जामणी वा उमरखेडच्या खेड्यापर्यंत वेळेवर पोचतेच असे नाही. मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन ही लक्षणे क्षयाचीही असतात आणि लिम्फोमाचीही. क्षय अधिक आढळतो, म्हणून गाठीचा तुकडा तपासण्याआधीच क्षयाची औषधे सुरू होण्याचा धोका असतो, आणि त्यात मोलाचे महिने निघून जातात. रेंगाळणाऱ्या ल्युकेमियाचा सुगावा तर साध्या रक्ततपासणीत लागू शकतो. अट एवढीच, की पांढऱ्या पेशींचा वाढलेला आकडा पाहून कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

निदान झाल्यावरही वाट सरळ नाही. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी सेवाग्राम आहे, नागपुरात कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये आहेत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. तथापि योजनेत औषधाचा खर्च बसतो. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबतच्या माणसाचे जेवण बसत नाही. गोळी रोज घ्यावयाची असते आणि ती लागू पडते की नाही, हे ठराविक काळाने तपासावयाचे असते. बरे वाटू लागले म्हणून, किंवा पेरणीच्या हंगामात फेरी जमली नाही म्हणून, गोळी सुटते आणि मागे हटलेला रोग पुन्हा डोके वर काढतो. संशोधकांनी सत्तर वर्षांत जे कमावले, ते अशा एका हुकलेल्या फेरीत गमावले जाते.

ज्यांना धामणगावहून रेल्वे धरून परळ गाठावे लागते, त्यांपैकी कित्येकांना दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आसरा देते. वऱ्हाडात जन्मलेल्या, हातात खराटा आणि गाडगे घेऊन फिरलेल्या त्या संताच्या नावाचे छप्पर आणि जगातील एका अतिमौल्यवान हिऱ्याच्या पैशातून उभे राहिलेले रुग्णालय, या दोहोंच्या आधाराने कर्करोगाचा गरीब रुग्ण उभा राहतो. परंतु प्रत्येक रुग्णाने साडेसहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा, हे काही त्या दानाचे उद्दिष्ट असू शकत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गाठीचा नमुना घेण्याची सोय, तो वेळेत तपासून मिळण्याची हमी आणि गोळीवर असलेल्या रुग्णाची जिल्ह्यातच नियमित तपासणी, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. यासाठी हिरा विकावा लागत नाही. शासनाने मनावर घ्यावे लागते आणि शाळेतील शिक्षकाने, कचेरीतील कारकुनाने न दुखणाऱ्या गाठीकडे दुर्लक्ष न करण्याचा सल्ला आपल्या गावात पोचवावा लागतो. मेहेरबाईंना जे औषध मिळू शकले नाही, ते आज आहे. ते यवतमाळच्या शेवटच्या खेड्यापर्यंत पोचेल, तेव्हाच दोराबजींनी आरंभिलेले स्मारक पुरे झाले, असे म्हणता येईल.