पिवळ्या गळ्याची चिमणी

फाल्गुन सरत आला, की ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या रानांत मोहाची झाडे फुलू लागतात. उजाडते न उजाडते तोच त्या झाडांवर पाखरांची झुंबड उडते. फुलांतील मधाच्या लोभाने आलेल्या त्या पाखरांत एक लहानसा पक्षी असतो. दुरून पाहणाऱ्यास ती घरातील चिमणीच वाटते. परंतु नीट न्याहाळले, तर तिच्या गळ्यावर हळदीचे बोट टेकवावे तसा एक पिवळा ठिपका दिसतो. ही रानचिमणी. झाडाच्या ढोलीत ती आपले घरटे करते. अशाच एका चिमणीने एका पोरक्या मुलाच्या आयुष्याला दिशा दिली. तो मुलगा म्हणजे पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणून जगभर नावाजलेले डॉक्टर सलीम अली.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असतानाच वडील वारले, आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मातापित्यांचा चेहरा आठवणीत राहावा, एवढेही त्यांचे वय नव्हते. खेतवाडीत राहणारे त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भाच्यांना आपल्या घरी आणले आणि पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले.

मामांच्या घरी खाण्यासाठी तित्तिर, लावे असे पक्षी बाजारातून जिवंतच आणले जात. स्वयंपाकघराकडे निघालेल्या त्या पक्ष्यांपैकी एखादे सलीम मागून घेई. लाकडी खोके आणि तारेची जाळी यांचा खुराडा करून त्यात तो त्यांना पाळी. पाखरांशी त्याची मैत्री जडली, ती अशी.

तथापि तो काळ शिकारीचा होता. मामा स्वतः नामांकित शिकारी. त्यांनी भाच्याला एक छऱ्यांची बंदूक दिली, आणि मुलाचा नेम चिमण्यांवर बसू लागला. घराच्या तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमण्यांचे एक घरटे होते. आत मादी अंडी उबवीत असे आणि बाहेर नर पहारा देई. सलीमने उभ्या असलेल्या गाडीच्या आडून तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणून तेथे बसवला. तोही पडला, तेव्हा तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले! हे कृत्य निर्दय होते, यात शंका नाही. पण त्या दहा वर्षांच्या मुलाने जे पाहिले, ते लगोलग आपल्या वहीत टिपून ठेवले. मारणाऱ्या हाताबरोबर त्याचे डोळेही काम करीत होते. पुढे काही तपांनंतर ही बालपणीची नोंद छापली गेली.

एके दिवशी त्याने अशीच एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिला पातेल्यात न टाकता तो मामांकडे घेऊन गेला. एवढ्या मोठ्या शिकाऱ्यालाही तिचे नाव सांगता येईना. मामा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. सृष्टीतील प्राण्यांचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ साली स्थापन झाली होती. तिचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून मामांनी भाच्याला तिकडे पाठवले.

त्या दिवसांत गोऱ्या साहेबासमोर उभे राहायचे म्हणजे मोठ्या माणसांनाही धडकी भरे. मेलेली चिमणी कागदात गुंडाळून सलीम भीतभीतच आत गेला. परंतु मिलार्डसाहेबांनी त्याची विचारपूस आस्थेने केली. त्यांनी पक्ष्याची जात सांगितली, आणि एकामागून एक खण उघडून पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी त्याच्यापुढे मांडले. भारतात एवढ्या तऱ्हेच्या चिमण्या आहेत, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले. पक्षी ओळखावा कसा, त्याची नोंद ठेवावी कशी, हे शिकण्यासाठी तो पुन्हा पुन्हा त्या संस्थेत जाऊ लागला.

यानंतरची वाट मात्र सरळ नव्हती. डोकेदुखीने शाळा वारंवार चुके. १९१३ साली ते मॅट्रिक जेमतेम उत्तीर्ण झाले. ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात त्यांनी काही वर्षे काढली; पण धंद्यात यश आले नाही. विद्यापीठाची मोठी पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील जागाही हुकली. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली, तेव्हा ते रजा घेऊन बर्लिनला गेले आणि श्त्रेझमान या विद्वानाच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तो पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली!

मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथे राहण्यास गेले. रिकामपणाचे ते दिवस वाया गेले नाहीत. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आडोशाला बसून सलीम अली रोज ती घरटी तासन्‌तास पाहत. सुगरणीचा नर घरटे अर्धवट विणून थांबतो. माद्या येऊन ते पारखतात. एखादीला पसंत पडले, की ती आत राहू लागते. नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो. हे सारे त्यांनी बारकाईने लिहून ठेवले. शहापूर-मुरबाडकडे विहिरीकाठच्या झाडांवर लोंबणारी घरटी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कामास किती धीर लागला असेल, हे उमगेल.

१९३९ साली तेहमिनाबाई निवर्तल्या. हा आघात फार मोठा होता. बहीण व मेहुणे यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि त्यांचे काम पुन्हा सुरू झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी १० खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. अभ्यासासाठी नमुने म्हणून पक्षी मारणे त्यांनी सोडले नव्हते. परंतु पक्ष्यांची राने व पाणथळ जागा राखण्यासाठी भरतपूरपासून केरळातील सायलेंट व्हॅलीपर्यंत ते झटले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

वयाच्या नव्वदीकडे झुकताना, १९८५ साली, त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘एका चिमणीचे पडणे’ असा होतो. २० जून १९८७ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.