गॅलिलिओ : वेगाचा हिशेब मांडणारा माणूस

गॅलिलिओ गॅलिली यांचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील संगीतकार होते. मुलाने वैद्यकी शिकावी अशी त्यांची इच्छा. पण मुलाचे मन गणितात रमले. शिक्षण अर्धवट सोडून १५८९ साली ते पिसाच्याच विद्यापीठात गणित शिकवू लागले आणि १५९२ पासून पादुआ येथे अठरा वर्षे राहिले.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते, असे ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यांनी सांगून ठेवले होते आणि बहुतेक विद्वान तेच मानत. गॅलिलिओंना मोजून पाहायचे होते. पण वरून सोडलेली वस्तू पापणी लवते तोच खाली येते आणि सेकंद मोजणारे घड्याळ तेव्हा नव्हते. म्हणून त्यांनी पडणेच संथ केले. लांब लाकडी फळीला गुळगुळीत खोबण पाडून ती थोडी उतरती ठेवली आणि तीवरून कांशाचा गोळा सोडला. वेळ मोजण्यासाठी भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी धरून ते तोलले.

पहिल्या क्षणात गोळा एक हात गेला, तर तेवढ्याच दुसऱ्या क्षणात तीन हात, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. म्हणजे दुप्पट वेळात चौपट अंतर, तिप्पट वेळात नऊपट. वेग दर क्षणी सारखाच वाढत होता. या वाढीलाच आपली मुले आज शाळेत त्वरण म्हणतात. हवेचा अडथळा नसेल तर जड-हलके सारे एकाच त्वरणाने पडते.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताची बाजू घेतल्याबद्दल १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने त्यांना ते मत सोडायला लावले आणि शिक्षा दिली. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथील घरात ते नजरकैदेत राहिले. १६३४ साली लाडकी थोरली मुलगी वारली. पुढे डोळेही गेले. तरी गतीविषयीचे जुने काम त्यांनी तडीस नेले. परवानगीशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता. त्यांच्या हस्तलिखिताने मात्र देशाची सीमा ओलांडली आणि १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे ते छापले गेले. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याच घरी त्यांचे निधन झाले.

१९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर, जिथे हवा नाही, एक हातोडी आणि एक पीस एकदम हातातून सोडले. दोन्ही एकाच वेळी खाली टेकली.